आवाज येतो, खरं कळत नाही

खानापूर तालुक्यातील एका गृहस्थांनी आपल्या 68 वर्षांच्या वडिलांच्या कानांविषयी विचारले आहे. वडिलांनी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत 31 वर्षे काम केले, आणि त्यातली बरीचशी वर्षे फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या खात्यात, ग्राइंडरवर गेली. गेल्या चार-पाच वर्षांत घरातल्या टीव्हीचा आवाज वाढत चालला आहे. मुलाचे बोलणे त्यांना बऱ्यापैकी कळते, सुनेचे आणि नातीचे मात्र कळत नाही, आणि त्यावरून ‘सोयीचं तेवढं ऐकतात’ अशी कुरबुर घरात सुरू झाली आहे. सून मोठ्याने बोलली तर ‘वरडतीस कशाला गं?’ म्हणून चिडतात, आणि स्वयंपाकघरात पातेले पडले तर दोन्ही कानांवर हात ठेवतात. ऑनलाइन मागवलेले आवाज वाढवणारे एक यंत्र त्यांनी आठ दिवस लावले आणि कपाटात टाकले. आता कानाचे चांगले मशीन घ्यावे का, घेतल्यास उरलेले ऐकणेही जाईल का, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाज सहन होत नाही हे कसे, असे तीन प्रश्न विचारून त्यांनी तपासणीचा कागद सोबत जोडला आहे.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या पोटात आहेत.

बेळगावात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करताना मला 22 वर्षे झाली. या काळात माझ्यासमोर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांनी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य ‘मला ऐकू येत नाही’ हे नाही. ते वाक्य असे आहे: ‘आवाज येतंय, खरं काय बोलतंय ते कळेना.’ आपल्याकडच्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. या एका वाक्यात दुखण्याचे निदान जवळजवळ पूर्ण झालेले असते, आणि घरचे लोक नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात, कारण ज्याअर्थी आवाज येतो त्याअर्थी माणूस ऐकतो, अशी आपली सर्वांची समजूत असते.

आता कागदाकडे वळू. दोन्ही कानांचे आकडे जवळपास सारखे आहेत, म्हणून उजव्या कानाचेच घेते. 500 हर्ट्झला 25 डेसिबल, 1000 ला 30, 2000 ला 45 आणि 4000 ला 70. त्यानंतर 8000 हर्ट्झला रेघ किंचित वर येऊन 60 वर थांबली आहे. हे आकडे म्हणजे त्या त्या पट्टीत ऐकू आलेला सर्वांत बारीक आवाज: आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी, आणि या आलेखात मोठा आकडा खाली मांडतात. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी: मृदंगाचा धूम खालच्या पट्टीत, पैंजणाची किणकिण वरच्या पट्टीत. निरोगी तरुण कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, पण बोलणे समजण्यासाठी लागणारा बहुतेक मजकूर 250 ते 6000 च्या दरम्यान सामावलेला असतो. डेसिबल म्हणजे आवाजाचा जोर. इथे शून्य म्हणजे शांतता नव्हे, तर निकोप तरुण कानाला जेमतेम जाणवणारा आवाज. तो किती बारीक असावा? हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे पाच अब्जाव्या हिश्श्याइतका हेलकावा कानाला पुरतो. तिथपासून कान दुखू लागेल अशा 120 डेसिबलपर्यंत आवाजाची ऊर्जा एक लाख कोटी पटींनी वाढते, आणि एवढा प्रचंड पल्ला हा चिमुकला अवयव कोणतेही बटण न फिरवता सांभाळतो. दर 10 डेसिबलला ऊर्जा दहापट होते, पण आपल्याला आवाज साधारण दुप्पटच वाटतो, हेही इथे लक्षात असू द्यावे.

हा पल्ला सांभाळण्याचे काम कुठे होते? कानाच्या पडद्यावर पडलेले कंप तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आतल्या कानाच्या शंखापर्यंत जातात. शंखाची नळी उलगडली तर सुमारे 35 मिलिमीटर भरेल. तिच्यातला पडदा दाराजवळ उंच पट्टीच्या आवाजाला हलतो आणि टोकाशी खालच्या पट्टीच्या आवाजाला. हे दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र बेकेशींनी मृत माणसांचे कान तपासले होते, आणि जिवंत कान त्याहून फार तरबेज निघाला. शंखात दोन प्रकारच्या केसपेशी असतात. आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार पेशी आहेत आणि मेंदूला खबर देणे हे त्यांचे काम. बाहेरच्या तीन ओळींत सुमारे बारा हजार आहेत, आणि त्या खबर देण्यापेक्षा मदतनीसाचे काम करतात: बारीक आवाज आला की स्वतः आखडून-पसरून त्याला रेटा देतात आणि मोठा आवाज आला की हात बांधून गप्प राहतात. डेव्हिड केम्प यांनी 1978 साली दाखवले की या धडपडीचा प्रतिध्वनी कानातून बाहेर येतो आणि तो नाजूक मायक्रोफोनने टिपता येतो. नवजात बाळांची श्रवणचाचणी आज बऱ्याचदा त्याच तत्त्वावर होते.

तुमच्या वडिलांच्या कानात पहिल्यांदा बळी पडले ते हे मदतनीस. ते गेले म्हणजे बारीक आवाजाला रेटा देणारे कोणी उरले नाही, म्हणून बारीक आवाज नाहीसा झाला. मोठ्या आवाजाला मात्र त्यांच्या मदतीची गरज कधीच नव्हती, त्यामुळे मोठा आवाज पूर्वी जेवढा मोठा लागायचा तेवढाच आजही लागतो. आपल्या गल्ल्यांत रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढले की जुन्या घरांत पाणी शिरू लागते, आणि मग घरमालक आत भर घालून जमीन उंच करून घेतो. माळ्याची तुळई मात्र होती तिथेच राहते. पूर्वी जिथे सरळ उभे राहता येत होते तिथे आता डोके आपटते. वडिलांच्या कानाचे नेमके हेच झाले आहे. 4000 हर्ट्झला जमीन 70 डेसिबलपर्यंत वर आली आहे. आवाज असह्य होण्याची पातळी बहुतेकांची 95 ते 100 च्या आसपास असते, आणि ती काही वर सरकलेली नाही. म्हणजे ज्या जागेत पूर्वी शंभर डेसिबलची उंची होती तिथे आज जेमतेम तीस उरली आहे. सुनेचे साधे बोलणे जमिनीखाली गाडले जाते आणि पातेल्याचा खणखणाट थेट तुळईवर आदळतो. बहिरेपण आणि आवाजाचा त्रास ही दोन दुखणी नव्हेत, एकाच दुखण्याच्या त्या दोन बाजू आहेत.

तुमच्या कागदावर असह्यतेच्या पातळीची नोंदच नाही. ही तपासणी पाच-सात मिनिटांची असते आणि अनेकदा टाळली जाते. माझ्या मते ती नसेल तर मशीन बसवू नये. तुळई कुठे आहे हे न पाहता घरात उंच कपाट आणण्यासारखे ते होईल.

आता सुनेविषयी. खालच्या पट्टीत वडिलांचे ऐकणे जवळजवळ शाबूत आहे. मराठीतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, आणि म, न, ल यांसारखे वर्ण बहुतांशी या खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे त्यांना स्वच्छ कळते. स, श, फ, थ, ख, च या वर्णांची ओळख मात्र वरच्या पट्टीतल्या बारीक फुसफुशीत असते, आणि ती फुसफूस स्वरांपेक्षा 20 ते 30 डेसिबलांनी दुबळी असते. वडिलांच्या कानात शब्दाचा सांगाडा पोहोचतो, चेहरा पोहोचत नाही. ‘ताट’, ‘पाट’, ‘खाट’ आणि ‘काठ’ हे त्यांना एकच वाटू शकतात. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक पुसला जातो, आणि गोळी सात वाजता घ्यायची की आठ वाजता, यावरून घरात वाद होतो. पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला व जोरकस, स्त्रीचा व मुलांचा वरच्या पट्टीतला व बहुधा हलका. त्यातून सून बोलते ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून, पाठमोरी, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये. मुलगा बोलतो तो समोर बसून. मग मुलाचे कळते आणि सुनेचे कळत नाही, यात हट्ट कुठला आला? ‘सोयीचं तेवढं ऐकतात’ हा आरोप मी दर आठवड्याला ऐकते, आणि दर आठवड्याला त्या कुटुंबाला हाच आलेख उघडून दाखवते. एका आजोबांनी तो पाहून सुनेकडे वळून एवढेच म्हटले होते, ‘बघ, कागदावर आलंय.’

कागदावर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शब्द ओळखण्याच्या चाचणीत वडिलांना 48 टक्के गुण दिले आहेत, आणि खाली बारीक अक्षरांत शब्दयादी कन्नड असल्याची नोंद आहे. आपल्या भागात ही चूक सहज घडते आणि करणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. यादी हाताशी कन्नडची असते, रुग्ण बाजारापुरते कन्नड बोलतो, आणि तपासणारा विचारतो, ‘कन्नड येतं नव्हं?’ तो मान हलवतो. परंतु शब्द ओळखण्याची चाचणी ही कानाबरोबर सवयीचीही असते; अर्धवट ऐकलेला शब्द मेंदू आपल्या लहानपणापासूनच्या साठ्यातून पुरा करतो, आणि परक्या भाषेतला साठा कितीही वापरातला असला तरी तोकडा पडतो. शिवाय दोन्ही भाषांची ठेवण वेगळी. कन्नडमधले बहुतेक देशी शब्द स्वरावर संपतात. मराठीत भात, पाच, तास, साठ, आज असे शेकडो शब्द बोलताना व्यंजनावर येऊन थांबतात, आणि वरच्या पट्टीचे ऐकणे गेलेला माणूस नेमका शेवटचा वर्ण हरवून बसतो, असे मला रोजच्या कामात दिसते. म्हणून ही चाचणी मराठी यादीवर पुन्हा करून घ्या. सीमेच्या या बाजूला कन्नड घरातल्या आजीची चाचणी मराठीतून घेतली तरी तिच्यावर तेवढाच अन्याय होईल. गुण कमी आले म्हणून ‘मशीनचा उपयोग होणार नाही’ असा शेरा कोणी मारला असेल, तर मातृभाषेतली चाचणी होईपर्यंत तो बाजूला ठेवावा.

आलेखातला 4000 चा खड्डा आणि 8000 ला परत वर आलेली रेघ ही कारखान्याची सही आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि एका बाजूने बंद असलेली ही नळी बासरीसारखी सुमारे 3000 हर्ट्झच्या आवाजाला आपसूक उठाव देते. जास्त गोंगाटाचा मार त्याच्या साधारण अर्ध्या सप्तकाने वर, म्हणजे 4000 च्या आसपास, सर्वांत आधी दिसतो. निव्वळ वयामुळे येणारी घट मात्र 8000 ला आणखी खाली जाते. वडिलांच्या बाबतीत दोन्ही कारणे एकमेकांत मिसळली आहेत, पण मुख्य हात ग्राइंडरचा दिसतो. ओतीव लोखंडावर ग्राइंडर चालतो तेव्हा 95 ते 100 डेसिबल आवाज ही नवलाची गोष्ट नसते. 85 डेसिबलला आठ तास हा सुरक्षिततेचा काटेकोर हिशेब धरला, तर दर 3 डेसिबलला मुदत निम्मी होत जाते: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 ला फक्त 15 मिनिटे. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. कान वाचवण्यासाठी ती मला सैलच वाटते.

पाळी संपवून घरी आल्यावर कान भरल्यासारखे वाटायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे, हे बहुतेक कामगार सांगतात, आणि मोकळे झाले म्हणजे बरे झाले असे समजतात. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही जोड कायमचे तुटलेले असतात. माणसाच्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, मग तेल, काढा, थेंब काहीही घाला. तुमच्या ओळखीचे कोणी आजही उद्यमबागेत किंवा मच्छे गावच्या कारखान्यांत काम करत असतील, किंवा वडगाव-शहापुरात यंत्रमागावर असतील, तर त्यांना एवढे सांगा: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तिथे कानात प्लग हवाच, आणि कापसाचा बोळा हा प्लग नव्हे. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे नोकरीत असतानाच ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा असाच आलेख, काढून जपून ठेवावा. सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या आलेखातही मला हाच खड्डा दिसतो, आणि उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्यांचा बहुतेक वेळा डावा कान जास्त गेलेला असतो, कारण नळीच्या तोंडाकडे तो असतो आणि उजव्या कानाला डोक्याची आडोशासारखी मदत होते.

आता दुसरा प्रश्न: मशीनने उरलेले ऐकणे जाते का? नीट मोजून बसवलेल्या मशीनने जात नाही. त्यात कमाल आवाजाची मर्यादा घातलेली असते आणि ती रुग्णाच्या असह्य पातळीच्या खाली ठेवलेली असते. पाच वर्षांनी ऐकणे आणखी कमी झालेले आढळते ते वयामुळे, आणि त्याचा दोष बिचाऱ्या मशीनवर येतो. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या यंत्राबद्दल मात्र मी असे म्हणणार नाही. ते सगळ्या पट्ट्या सरसकट सारख्या वाढवते. समजा ते 35 डेसिबलची भर घालत होते. माणूस समोर बसून बोलतो तेव्हा आवाज 60-65 डेसिबल असतो, आणि त्यातला जोर मुख्यतः खालच्या पट्टीत, जिथे वडिलांना भरीची गरजच नव्हती. 65 मध्ये 35 मिळवले की शंभर, म्हणजे तुळई. वरच्या पट्टीतली ‘स’ची फुसफूस 30 वरून 65 वर आली, तरी जमीन 70 वर आहे. म्हणजे नको ते कानठळ्या बसेपर्यंत वाढले आणि हवे ते तरीही जमिनीखालीच राहिले. आठ दिवस त्यांनी ते सहन केले, हेच विशेष.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर: होय, मशीन घ्यावे, दोन्ही कानांना घ्यावे, पण यंत्र विकत घेण्यापेक्षा ते बसवण्याचे काम मोठे आहे हे समजून घ्यावे. चांगले मशीन बारीक आवाजाला जास्त भर घालते, मध्यम आवाजाला कमी, आणि मोठ्या आवाजाला जवळजवळ काहीच नाही. गेलेल्या मदतनीस पेशींचे काम ते आपल्या परीने करते. किती भर घालायची याचा जुना ठोकताळा ‘तोट्याच्या निम्मी’ असा आहे, आणि आजची सूत्रे बरीच बारकाईची असली तरी अंदाजाला तो उपयोगी पडतो: वडिलांना 500 ला नाममात्र, 4000 ला तीस-पस्तीसच्या आसपास. ही भर संगणकाच्या पडद्यावर दिसते तेवढीच कानात पडते असे नाही, कारण प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. कानाच्या पडद्याजवळ एक बारीक नळी सरकवून, मशीन लावलेले असताना प्रत्यक्ष आवाज मोजता येतो. ही मोजणी जिथे करतात तिथे दहा-वीस किलोमीटर जास्त जावे लागले तरी जा. चॅनेलची संख्या, मोबाईलची जोडणी, दिसेल न दिसेल असा आकार, या गोष्टी त्यानंतरच्या. खालच्या पट्टीचे ऐकणे शाबूत असल्यामुळे वडिलांना कानामागचे, बारीक तारेचे आणि उघड्या टोपीचे मशीन सोईचे पडेल. कान गच्च बंद करणारे दिले तर स्वतःचाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमेल आणि तेही कपाटात जाईल. बोटांना बारीक सेल हाताळता येत नसेल तर चार्जिंगचे घ्यावे.

मशीन लावल्यावर पहिले चार-सहा आठवडे कठीण जातात. याची कल्पना आधी दिली नाही तर माणसाला फसवले गेल्यासारखे वाटते. ज्या आवाजांना मेंदू पाच-दहा वर्षे विसरला होता ते एकदम परत येतात: पंख्याची घरघर, कागदाची चुरचुर, स्वतःच्या चपलेचा आवाज. जत्रेहून परतताना रस्त्याकडेच्या शेतातले रातकिडे ऐकून एका आजींनी मला सांगितले होते की मशीन बिघडले, सतत किर्र वाजते. मशीन बिघडलेले नव्हते. पहिला आठवडा घरात, एका माणसाशी बोलताना, दिवसातून दोन-तीन तास; मग चार माणसांत, मग देवळात आणि बाजारात, अशी सवय वाढवत न्यावी. गणपत गल्लीच्या गर्दीत पहिल्याच दिवशी मशीन तपासायला जाऊ नये. गर्दीत बोलणे वेगळे काढणे हे कोणत्याही मशीनला पूर्ण जमत नाही, आणि जमते असे सांगणाऱ्याकडून मशीन घेऊ नये. कानात गुंई असा आवाज येत असेल, आणि अशा आलेखात तो बहुधा असतोच, तर बाहेरचे आवाज परतल्यावर तोही पुष्कळांना मागे पडल्यासारखा वाटतो.

घरच्यांनी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत आणि म्हणूनच कोणी करत नाही. अंतर निम्मे केले की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलांनी वाढतो. ओरडल्याने मात्र स्वरच फुगतात, स आणि फ तसेच दुबळे राहतात, आणि वडिलांना अडचण नेमकी त्यांचीच आहे. तेव्हा हाक मारून, समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, नेहमीच्या आवाजात पण जरा सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलावेत: ‘सात वाजता’ नाही कळले तर ‘दिवेलागणीला’. शेणामातीच्या जुन्या घरात आवाज भिंतीत जिरायचा, तर गुळगुळीत फरशीच्या नव्या हॉलमध्ये तो घुमत राहतो. एक जाड पडदा आणि सतरंजी इतकाही फरक वडिलांना जाणवेल. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा विसर्जनाला, जिथे डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, तिथे मशीन काढून डबीत ठेवावे आणि कानात प्लग घालावेत. फटाक्याच्या अचानक बारापासून कानाचा स्वतःचा बचावही वाचवू शकत नाही, कारण मधल्या कानातला स्नायू आखडेपर्यंत आवाज आत पोहोचलेला असतो. नातीलाही स्पीकरपासून लांब ठेवा.

सरकारी मदतीबद्दल अपेक्षा बेताची ठेवावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गवारीत 35 ते 50 डेसिबलमधली घट ‘मध्यम’ धरली आहे, आणि वडिलांची चार पट्ट्यांची सरासरी 42.5 येते, म्हणजे ते त्यात बसतात. परंतु दिव्यांग हक्क कायदा, 2016 प्रमाणे दोन्ही कानांत किमान 60 डेसिबल तोटा असल्याशिवाय ‘ऐकू कमी येणारी व्यक्ती’ अशी नोंद होत नाही, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारे यंत्र त्यांना मिळणे कठीण आहे. रोज अडचण सोसणारा पण कायद्याच्या रेषेखाली राहणारा असा फार मोठा वर्ग आहे, आणि त्याच्यासाठी खिशातूनच पैसे जातात, हे मला पटत नसले तरी वस्तुस्थिती अशी आहे.

मशीनच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान पाहून घ्या. मळाचा बोळा असेल तर आलेखच खोटा येतो. तो काडेपेटीच्या काडीने किंवा कानकोरण्याने घरी काढू नये, आणि गरम तेल तर मुळीच घालू नये, पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरते. एकाच कानाचे ऐकणे घटत असेल, कानातून पू येत असेल, चक्कर येत असेल तर आधी त्याचा तपास. आणि कोणाचेही ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले तर ‘सर्दीनं दडे बसलेत’ म्हणून आठवडाभर थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण उपचाराची संधी सुरुवातीच्या दिवसांतच असते.

खानापूरच्या पावसाविषयी दोन शब्द, कारण माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी बरीच तुमच्या आणि जांबोटीच्या बाजूची असतात. मशीन रात्री ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या बंद डबीत ठेवा, सेलचे असेल तर सेलचे दार उघडे ठेवून. चुलीच्या कोनाड्यात किंवा फ्रिजवर सुकवायला ठेवू नका. पाण्याने गेलेल्या मशीनपेक्षा उष्णतेने गेलेली मशीन मी जास्त पाहिली आहेत. झिंकच्या सेलचे स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या आणि मग बसवा.

पहिल्या बसवणीनंतर साधारण पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याने पुन्हा जावे लागेल. मधल्या दिवसांत कोणता आवाज टोचला, कोणता शब्द चुकला, हे एका वहीत टिपून ठेवा, तारखेसह, वडिलांच्याच शब्दांत. आणि पुढच्या भेटीला तुम्ही नाही गेलात तरी चालेल, सूनबाईंना पाठवा. मशीन लावलेले वडील समोर बसलेले असताना ज्या आवाजाने चाचणी घ्यायची तो आवाज सूनबाईंचा आहे.